निरांजनावरचे नाव

दिवाळीच्या आधीचा रविवार हा आमच्या घरी भांड्यांचा वार असतो. त्या दिवशी देवघरातले आणि माळ्यावरचे सारे पितळ, तांबे आणि चांदी खाली उतरते, स्वयंपाकघरात वर्तमानपत्रे अंथरली जातात आणि ज्याचे खाते त्याच्या पुढ्यात येऊन पडते. पितळेला चिंच, तांब्याला मीठ-लिंबू आणि चांदीला रांगोळी, ही वाटणी माझ्या लहानपणापासून ठरलेली आहे. माणसांचीही वाटणी तशीच ठरलेली. चांदी माझ्याकडे. मराठीचा प्राध्यापक म्हटला की तो घरातल्या कोणत्याही उपयुक्त कामास नालायक, असे आमच्याकडे सर्वांचे एकमत आहे; पण चांदी घासण्याचे हे एक खाते मात्र मी वयाच्या आठव्या वर्षापासून निर्वेध सांभाळीत आलो आहे. निदान यंदाच्या दिवाळीपर्यंत तरी आलो होतो.

या चांदीत एक निरांजन आहे. वजनाने फार नाही, घडणीनेही अप्रतिम वगैरे नव्हे. आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी ते दिले आणि त्याच्या बैठकीवर तिचे नाव कोरून घेतले. हे नाव माहेरचे. लग्नात रिवाजाप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले आणि पहिले नाव संपले. रेशनकार्डावर नवे नाव, बँकेत नवे नाव, शेजाऱ्यांच्या तोंडी नवे नाव. जुन्या नावाने हाक मारणारी माहेरची माणसेही पुढे एकेक करून गेली. आता ते नाव जगात एकाच ठिकाणी उरले होते, त्या निरांजनाच्या बैठकीवर.

यंदा आमच्या कन्येने ते निरांजन खिडकीशी नेऊन उजेडात धरले आणि विचारले, "बाबा, आजीचं नाव कुठं गेलं?"

मी चष्मा पुसून पाहिले. तीन अक्षरांपैकी पहिले पार गुळगुळीत झाले होते. मधल्याचा काना तेवढा उरला होता. शेवटचे अक्षर तिरप्या उजेडात कसेबसे वाचता येत होते. सोनाराने उथळ कोरले असावे, असा तर्क मी ताबडतोब मांडला. कन्या बारावीला शास्त्र शाखेत आहे. तिने माझ्या हातातला काळा झालेला फडका उचलला.

"हे काय आहे?"

"मळ," मी म्हणालो. "दर वर्षी एवढा निघतो."

"हा मळ नाही, बाबा. ही आजीची चांदी आहे."

आई दाराशी वाती वळीत बसली होती. तिचे हात थांबले.

लहानपणी काळा फडका नेऊन मी आईला दाखवीत असे आणि ती म्हणे, "बघ, किती मळ काढलास!" त्या शाबासकीवर पस्तीस वर्षे काढली. आता कळले ते असे. चांदीवर चढणारा काळेपणा बाहेरून येऊन बसलेली घाण नव्हे. हवेत गंधकयुक्त वायूचा अंश असतो. अंडे, कांदा, रबर यांतूनही गंधक येते. त्या गंधकाशी चांदीचा संयोग होतो आणि जो काळा पदार्थ तयार होतो, त्यात वजनाने बराचसा भाग चांदीचाच असतो. रांगोळीने घासले की तो काळा थर निघतो आणि त्याच्याबरोबर त्यात अडकलेली चांदीही कायमची जाते. शिवाय रांगोळी म्हणजे शिरगोळ्याची भुकटी. चांदी तिच्यापेक्षा मऊ, म्हणून खालची चांगली चांदीही थोडी ओरबाडली जाते. एका दिवाळीत जाते ती नगण्य. पस्तीस दिवाळ्यांत एक नाव गेले.

"मग घासायचं नाही तर काय, काळंच ठेवायचं?" सौ.ने विचारले.

"घालवायचं नाहीच," कन्या म्हणाली. "परत आणायचं."

तिने जी कृती सांगितली ती अशी: जर्मनचे एक मोठे पातेले घ्यायचे, त्यात उकळते पाणी, एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि तितकेच मीठ टाकायचे व निरांजन आत सोडायचे. झाले. (जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हे आमच्या पिढीपर्यंतच्या वाचकांना सांगायला नको.)

यावर आईने हरकत घेतली, आणि ती रसायनशास्त्राची नव्हती. देवाची चांदी जर्मनच्या भांड्यात? त्या भांड्यात काल बटाटे उकडले होते! घराण्यात असे कधी घडलेले नाही. बराच वेळ वाटाघाटी होऊन तडजोड निघाली. पातेल्यात आधी केळीचे पान अंथरायचे, चांदी पानावर ठेवायची. म्हणजे ती जर्मनला शिवणार नाही. कन्येने तोंड उघडले होते, पण सौ.ने डोळ्यांनी तिला गप्प केले. पान अंथरले, पाणी ओतले, सोडा-मीठ पडले. आम्ही चौघे पातेल्याभोवती उभे राहिलो. पाच मिनिटे झाली, दहा झाली. पान शिजले. निरांजन होते तसेच काळे राहिले.

"तेच सांगत होते मी," कन्या म्हणाली. "शिवल्याशिवाय नाही होत."

पाणी पुन्हा तापवायला ठेवले. ते तापेपर्यंत कन्येने मला जे शिकवले, आणि तिने सोडून दिलेले जे मी नंतर पुस्तके चाळून मिळवले, ते सांगून टाकतो.

*

धातूंचे सारे गृहछिद्र इलेक्ट्रॉनच्या देण्याघेण्यात आहे. चांदी काळी पडते तेव्हा तिचा प्रत्येक अणू आपला एक इलेक्ट्रॉन गंधकाला देऊन बसतो. तो इलेक्ट्रॉन त्याला कोणी परत दिला तर तो पुन्हा चांदीचा अणू होईल, गंधक सुटून जाईल. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की द्यायला तयार कोण?

हा व्यवहार पाहायचा तर नाशिककडच्या एखाद्या द्राक्षबागेत जावे. तेथे वेलींवर रोग पडू नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे त्याचे नेहमीचे प्रमाण. मिश्रण तयार झाले की अनुभवी बागायतदार त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते थोडा वेळ धरतो. पात्यावर तांबूस थर चढला तर तो म्हणतो, अजून चुना घाला. कारण मोकळा मोरचूद शिल्लक आहे आणि तो पाने जाळील. हा थर खऱ्या तांब्याचा असतो. मोरचुदातल्या तांब्याने आपले दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. लोखंड ते त्याला देते आणि त्याच्या जागी स्वतः पाण्यात विरघळते. लोखंड पाण्यात गेले, तांबे पात्यावर आले. शास्त्रीय भाषेत याला विस्थापन म्हणतात. युरोपातल्या किमयागारांना हे पाहून लोखंडाचेच तांबे झाले असे वाटे. लोखंडाचे तांबे होत नाही. एकाने जागा सोडली आणि दुसरा येऊन बसला, एवढेच. लोखंडी बादलीत बोर्डो कालवू नये म्हणतात त्याचेही कारण हेच. बादली झिजते आणि औषध बिघडते.

या देण्याघेण्यातून वीज निघते हे मात्र एका मेलेल्या बेडकाने सांगितले. इटलीत बोलोन्या येथे गाल्व्हानी नावाचा शरीरशास्त्राचा प्राध्यापक होता. पितळी आकड्याला लटकवलेले बेडकाचे पाय लोखंडाला टेकले की झटका देतात, हे त्याने पाहिले आणि १७९१ साली लिहून प्रसिद्ध केले. प्राण्याच्या शरीरातच वीज भरलेली असते असा त्याचा निष्कर्ष होता. पाव्हियाच्या व्होल्टाला ते पटेना. त्याचे लक्ष बेडकावरून उडून आकड्यावर आणि लोखंडावर गेले. दोन वेगळे धातू, मध्ये ओलावा, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श. एवढे जमले की पुरे, बेडूक हवाच असे नाही. बेडकाऐवजी त्याने स्वतःची जीभ वापरली. जिभेवर कथलाचा वर्ख आणि चांदीचे नाणे ठेवून दोन्ही एकमेकांना टेकवली की विचित्र आंबट चव येते. मग त्याने चांदी आणि जस्त यांच्या चकत्यांची उतरंड रचली. दर जोडीनंतर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला. २० मार्च १८०० या तारखेच्या पत्राने त्याने ही उतरंड लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. अखंड वाहणारी वीज माणसाच्या हाती लागली ती अशी. आमच्या पातेल्यात चांदी होती, मिठाचे पाणी होते, दुसरा धातू होता. व्होल्टाच्या साहित्यातले फक्त एक नव्हते: स्पर्श. इलेक्ट्रॉन पाण्यातून सुटे पोहत जात नाहीत. त्यांना धातूची वाट लागते. केळीच्या पानाने ती अडवली होती.

*

आता कोणता धातू कोणाला देतो, हे ठरते कसे? कन्येच्या पाठ्यपुस्तकात याचा एक तक्ता आहे. हायड्रोजनला शून्य धरतात, जसे डोंगराची उंची मोजताना समुद्रसपाटीला शून्य धरतात. आणि प्रत्येक धातूचा कल व्होल्टमध्ये त्याच्या वर किंवा खाली मांडतात. याला इंग्रजीत इलेक्ट्रोड पोटेन्शियल म्हणतात. मी त्याला दातृत्वाचा तक्ता म्हणतो. आकडा शून्याच्या जितका खाली, तितका तो धातू इलेक्ट्रॉन द्यायला उतावीळ. जितका वर, तितका चिकट.

सोने सर्वांत वर, उणेअधिक नव्हे, स्पष्ट अधिक १.५०. चांदी अधिक ०.८०. तांबे अधिक ०.३४. शून्याखाली आलो की लोखंड उणे ०.४४, जस्त उणे ०.७६, ॲल्युमिनियम उणे १.६६. सोडियम उणे २.७१ आणि पोटॅशियम उणे २.९३. पोटॅशियम म्हणजे या कुळातला कर्ण. त्याला पात्र-अपात्र कळत नाही. समोर नुसते पाणी आले तरी देऊन टाकतो, आणि तो उत्सव इतक्या जोरात होतो की निघालेला हायड्रोजन पेट घेतो. ज्यांना आपण राजधातू म्हणून डोक्यावर धरतो, त्या सोन्या-चांदीचा सारा मान हा न देण्याचा मान आहे, हे वाचून मी जरा विचारात पडलो.

दोन धातूंच्या आकड्यांतले अंतर हाच त्यांच्या जोडीचा जोर. जस्त उणे ०.७६ आणि तांबे अधिक ०.३४, अंतर १.१० व्होल्ट. लंडनच्या डॅनियलने १८३६ साली याच जोडीचा घट बनवला आणि पुढे तारायंत्रे त्याच्यावर चालली. हे अंतर आणखी वाढवत नेत माणूस लिथियमपर्यंत पोचला. त्याचा आकडा उणे ३.०४, शिवाय अंगाने सर्वांत हलका धातू. वाचकांच्या खिशातल्या मोबाइलची बॅटरी त्याच्याच जोरावर चालते. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या बॅटरीच्या तिघा शिल्पकारांना मिळाले.

याच तक्त्यामुळे पत्र्याच्या बादलीला जस्ताचा मुलामा देतात. खरवडून लोखंड उघडे पडले तरी जवळचे जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. घरातल्या थोरल्या भावाने धाकट्याचे कर्ज अंगावर घ्यावे, तसे.

गंधकाच्या मिठीत सापडलेल्या चांदीचा आकडा मोकळ्या चांदीइतका उंच राहत नाही, हे कन्येने मला बजावून सांगितले आहे. पण ॲल्युमिनियम तरीही तिच्या पुष्कळ खाली आहे. म्हणजे देणारा ठरला. त्याचा एक अणू तीन इलेक्ट्रॉन देतो आणि चांदीचे तीन अणू सोडवतो. वजनाचा हिशेब केला तर एक तोळा जर्मन बारा तोळे चांदी सोडवील. इतके असून जर्मनचे पातेले चुलीवर वर्षानुवर्षे टिकते कसे? तर हवा लागताच त्याच्या अंगावर एक अतिशय पातळ, घट्ट कवच चढते आणि आतला दाता त्यात कोंडलेला राहतो. सोडा आणि उकळते पाणी यांनी ते कवच विरघळते. आईच्या भाषेत सांगायचे तर सोड्याने दार उघडते.

*

पण द्यायला ॲल्युमिनियमजवळ ते आले कोठून? जमिनीतून ते धातूच्या रूपात निघतच नाही. सारे इलेक्ट्रॉन देऊन टाकून, प्राणवायूच्या गळ्यात पडून, ते मातीत पडलेले असते. त्याला धातू करायचे म्हणजे दिलेले दान परत त्याच्या पदरात घालायचे, तेही निसर्गाच्या मर्जीविरुद्ध. विस्थापन हा उतार आहे, तर ही चढण. ती चढायला बाहेरून वीज लावावी लागते. यालाच विद्युत अपघटन म्हणतात.

ही युक्ती व्होल्टाची बातमी लंडनला पोचताच सापडली. १८०० च्या मे महिन्यात निकल्सन आणि कार्लाइल यांनी तशीच उतरंड रचून तिच्या दोन तारा पाण्यात सोडल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले, दुसरीकडे प्राणवायू; पाणी फुटले. १८०७ साली हम्फ्री डेव्हीने वितळवलेल्या पोटॅशमधून प्रवाह सोडला आणि पाऱ्यासारखे चकाकणारे थेंब बाहेर आले. काही तेथेच पेटले. तेच पोटॅशियम, आपला कर्ण. ते पाहून डेव्ही आनंदाने खोलीभर नाचला, असे त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या चुलतभावाने सांगून ठेवले आहे.

ॲल्युमिनियमची चढण मात्र पुष्कळ वर्षे अवघड राहिली. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर १८८४ साली कळस चढवला तो ॲल्युमिनियमचा. तेव्हा त्याचा भाव चांदीच्या आसपास होता! दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी एकमेकांना न कळत एकच रीत शोधली: वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या खनिजात ॲल्युमिनियमची भस्मरूप माती विरघळवायची आणि त्यातून प्रवाह सोडायचा. योगायोग असा, की दोघेही १८६३ साली जन्मले आणि दोघेही १९१४ साली वारले. आजही जगभर याच रीतीने ॲल्युमिनियम काढतात, आणि एका किलोला १३ ते १५ युनिट वीज लागते. आमच्या घराला ती तीन दिवस पुरेल. म्हणजे ज्या पातेल्याला आपण नाक मुरडतो, त्यात कोठल्या तरी कारखान्याची तीन दिवसांची वीज धरून ठेवलेली असते. देवाच्या चांदीला ते देणार होते ती ही पुंजी.

या चढणीचा जमाखर्च मायकेल फॅरडेने मांडला. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, गणिताचे शिक्षण जवळजवळ नाही. त्याने १८३३-३४ मध्ये दाखवून दिले की जितकी वीज द्याल तितकाच धातू सुटेल. रतीभर जास्त नाही, कमी नाही. हा हिशेब इतका चोख निघाला की पुढे लोकांनी तो उलटा वापरला. १९०८ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने विजेचे मापच चांदीवर ठरवले: सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी साचवील तो प्रवाह एक अँपिअर. १९४८ पर्यंत ही व्याख्या चालली. तासाला सुमारे चार ग्रॅम चांदी पडते. विजेला तराजूत घालायला माणसाने चांदीच निवडली.

*

आता एक गुन्हा माझ्या व्यवसायाचा. चाचणी परीक्षेत कन्येचे दोन गुण गेले आणि ते मराठीने घालवले, असे तिचे म्हणणे आहे. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली. तेथे ॲनोडला धनाग्र म्हणतात आणि कॅथोडला ऋणाग्र. धन म्हणजे अधिक, हे तिने मनात धरले. विद्युत अपघटनात ते बरोबरच आहे. पण घटात, जेथे रासायनिक क्रियेतून वीज निघते तेथे, ॲनोड ऋण असतो! डॅनियलच्या घटात जस्त हा ॲनोड, आणि ते ऋण टोक. तिने ते धन लिहिले. "धनाग्र ऋण असतं, असं कसं वाक्य आहे तुमचं मराठी?" तिने मला विचारले. मी मराठीची बाजू घेण्याच्या निश्चयाने ग्रंथालयात गेलो आणि पराभूत होऊन परत आलो.

कारण फॅरडेपुढेही हाच पेच होता. विजेत नेमके काय वाहते आणि कोणत्या दिशेने, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. नावात एखादी समजूत कोंबली आणि ती पुढे खोटी ठरली तर? म्हणून १८३४ साली त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या पंडिताला पत्र घालून शब्द मागितले. ग्रीकमध्ये 'होडॉस' म्हणजे वाट, 'आना' म्हणजे वर, 'काटा' म्हणजे खाली. ॲनोड ही वर येणारी वाट, कॅथोड ही खाली जाणारी. फॅरडेने त्याला सूर्याचा दाखला दिला: एक सूर्य उगवण्याची बाजू, दुसरी मावळण्याची. अधिक-उणे काही नाही. कोणत्याही पात्रात इलेक्ट्रॉन द्रावणाकडून निघतात ती उगवतीची वाट, द्रावणाला मिळतात ती मावळतीची. विद्युत अपघटन असो की घट असो, हे कधी चुकत नाही.

आणि पाण्यातून ये-जा करणाऱ्या कणांना ह्यूएलने शब्द दिला 'आयन', म्हणजे जाणारा. येथे मात्र माझ्या विषयाने माझी थोडी लाज राखली. जाणे या अर्थाचा ग्रीक धातू आणि संस्कृतातला 'इ' धातू हे एकाच घरचे. त्याच 'इ'पासून आपले 'अयन' झाले, उत्तरायण-दक्षिणायनातले. मराठी पुस्तकात 'आयन' हा शब्द परका म्हणून आला खरा, पण तो दूरचा भाऊबंदच निघाला. कन्येला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "छान आहे. पण दोन गुण गेले ते गेलेच."

*

एवढ्यात पाणी उकळले.

"म्हणजे शिवल्याशिवाय नाहीच होणार?" आईने विचारले.

"नाही, आजी. जर्मन देणार, चांदी घेणार. मध्ये पान असलं तर देणार कसं?"

आई वाती वळीत राहिली. पाचसात वाती झाल्यावर म्हणाली, "काढ ते पान. देणाऱ्याला कसलं आलंय सोवळं!"

पान काढले. निरांजन पातेल्याच्या तळाला टेकले आणि बारीक बुडबुडे सुटू लागले. बैठकीच्या कडेचा काळेपणा आमच्या डोळ्यांदेखत पिवळट झाला, मग विरळ झाला. त्याबरोबर एक वास उठला. तो नासक्या अंड्याचा होता, परंतु देवघराच्या इतक्या जवळ तो शब्द उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही. "गंधक आहे, आजी, सुटलंय ते," असे म्हणत कन्येने खिडक्या उघडल्या. काही मिनिटांत निरांजन पांढरे झाले. झळाळी जरा मंद होती. मऊ फडक्याने हलकेच पुसले तेव्हा ती आली. फडका जवळजवळ पांढराच राहिला. पातेल्याच्या तळाला मात्र करडे डाग पडले होते. हिशेब चुकता झाल्याची ती पावती होती. (कोणी हा प्रयोग केलाच तर मोत्या-खड्यांचे दागिने आणि मुद्दाम काळसर ठेवलेले नक्षीकाम पातेल्यात टाकू नये, अशी कन्येची सूचना आहे.)

मी अधीरपणे बैठक उलटी केली. नाव परत आले नव्हते. येणारही नव्हते. निरांजनाच्या अंगावर गंधकाने धरून ठेवलेली चांदी तेवढी परत मिळाली. जी मी फडक्याने पुसून मोरीत धुतली, ती कोणता धातू आणून देणार? उलट झाले असे, की उरलेल्या अक्षराच्या खाचेतला काळेपणाही गेला आणि पांढऱ्यावर पांढरे होऊन ते वाचता येईना.

आईने निरांजन मागून घेतले. तिला आता बारीक दिसत नाही. तिने अंगठा बैठकीवरून सावकाश फिरवला, एकदा गेला, पुन्हा मागे आला, आणि एका जागी थांबला.

"आहे," ती म्हणाली. मग तिने ते नाव मोठ्याने उच्चारले. मी जन्मात ते तिच्या तोंडून ऐकले नव्हते. नाव येथे लिहीत नाही. ते तिचे आहे.

"सोनाराकडून पुन्हा कोरून आणतो," मी म्हणालो.

"नको. कोरायचं म्हणजे पुन्हा चांदी जाणार. आहे तेवढं पुरे. फक्त तू आता घासू नकोस."

तेव्हा चांदीचे खाते यंदापासून कन्येकडे गेले आहे. मला चिंच आणि पितळ मिळाले. पितळेवर कोणाचे नाव नाही, एवढे मी आधी तपासून घेतले.